पेगूचा निर्जळी दिवस

माझ्या बायकोला मी परमुलखात नेऊन दिवसभर उपाशी ठेवलं, असं तिच्या माहेरी घोडेगावात अजून सांगतात. सांगणारे हसत सांगतात. मला त्यांच्याबरोबर हसता येत नाही, कारण त्यांनी त्यात पदरचं काही घातलेलं नसतं. उलट बरंच कमीच सांगितलेलं असतं, कारण बायकोनं त्यांना सगळं सांगितलेलं नाही.

आमचं दुकान जुन्नरच्या पेठेत. आजोबा मारवाडातून आले, धान्याचा आणि हिरड्याचा व्यापार मांडला, आणि माझ्या पिढीपर्यंत घरात मारवाडी फक्त लग्नकार्यात आणि भांडणात उरली. बायकोचं माहेरही तसलंच. तिचा थोरला भाऊ मात्र तांदळाच्या दलालीसाठी रंगूनला गेला आणि तिथंच राहिला. भावाला भेटायला नेतो, असं मी तिला दर दिवाळीत म्हणत असे आणि दर दिवाळीनंतर हिरड्याचा हंगाम पुढं करत असे. हंगाम काही खोटा नव्हता. पण तो दरवर्षी येतो हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही.

शेवटी एका वर्षी निघालो. तळेघरहून हिरडा घेऊन येणारा एक म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसला होता. मी समुद्रापलीकडे चाललोय म्हटल्यावर त्यानं विचारलं, "तिकडं डोंगर हाय का न्हाई?"

मी म्हटलं, ठाऊक नाही.

"मंग वाट कशी घावायची, शेठ? डोंगर न्हाई म्हंजी तुमी चुकणार राव."

मद्रासपर्यंत आगगाडी आणि पुढं आगबोट. बोटीनं किनारा सोडला आणि बायको आडवी झाली. रंगून येईपर्यंत तिच्या पोटात पाणी ठरलं नाही. मला काही झालं नाही. दोन्ही वेळा भूक लागायची, आणि तिच्याकडे पाठ करून बांधून आणलेल्या दशम्या खाताना मला स्वतःची लाज वाटायची. ती डोळे मिटून म्हणायची, "खा हो नीट. चावल्याचा आवाज न करता खाताय ते मला जास्त ऐकू येतंय."

रंगूनला भावानं तिचा चेहरा पाहिला आणि तिला हाताला धरून घरात नेलं. त्याच्या बायकोनं आठवडाभर पेज आणि मुगाचं कढण देऊन तिला उभं केलं. ती दोन फुलके खायला लागली तेव्हा भावानंच सुचवलं की पेगू बघून या. जुन्या राजांची राजधानी, फार पुरातन शहर, आगगाडीनं एका दिवसात जाऊन येण्यासारखं. त्याला स्वतःला गिरणीचं काम होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं मला दारात गाठून एवढंच सांगितलं, "हिला वेळेवर जेवायला घाला, जावईबापू. अजून अंगात जोर आलेला नाही."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

इथं बायकोच्या नेमाबद्दल सांगायला हवं. लग्नाआधीपासून तिचा नेम आहे की सूर्य उगवल्यावर देवाचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आणि सूर्य मावळल्यावर तर आम्ही जैन माणसं खातपीत नाहीच. म्हणजे दिवसात दर्शन झालं नाही, तर दुसरा दिवस उजाडेपर्यंत सगळंच बंद. जिथं देऊळ नाही अशा ठिकाणासाठी तिच्याकडे गट्टाजी होते. ही चांदीची एक लहानशी चकती असते, तिच्यावर सिद्धचक्र कोरलेलं असतं. ती एका डबीत असायची आणि प्रवासात ती डबी सांभाळण्याचं काम माझ्याकडे होतं. बोटीवर उलट्यांच्या मधे मधेसुद्धा तिनं तिचं दर्शन चुकवलं नव्हतं.

पेगूची गाडी उजाडायच्या आधी सुटायची, म्हणून मी रात्रीच पिशवी भरली. डबी तळाशी ठेवली. मग माझं लक्ष पिशवीच्या पट्ट्याकडे गेलं. पट्टा चामड्याचा होता. पिशवी पुण्यात नवीन घेतली होती आणि पट्टा मी दुकानात नीट पाहिला नव्हता. जुन्नरपासून रंगूनपर्यंत देव चामड्याला लागून आले, या विचारानं मला घाम फुटला. मी डबी बाहेर काढली, धुतलेल्या पंच्यात गुंडाळली आणि मेहुण्याच्या फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, कुणाचा हात लागणार नाही अशी ठेवली. पहाटे कापडी थैलीत घालून न्यायची असं ठरवलं. मग हात जोडून झाल्या चुकीची क्षमा मागितली आणि समाधानानं झोपलो.

गाडीत सूर्य वर आला. खिडकीबाहेर भातखाचरं होती, अगदी आंबेगावाकडच्यासारखी, फक्त बाजूला डोंगर नव्हता. बायकोनं पदर सारखा केला आणि हात पुढं केला.

"डबी द्या."

मी पिशवीत हात घातला. हात घालता घालताच मला आठवलं, तरी मी हात आणखी खाली घालत राहिलो.

"फडताळावर आहे," मी म्हणालो.

"कुठल्या?"

"तुझ्या भावाच्या."

मी पट्ट्याची सगळी हकिगत सांगितली. तिनं पट्टा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"चांगली जागा निवडलीत," ती म्हणाली. "तिथं चामडं लागत नाही."

मी 'मिच्छामि दुक्कडं' म्हणालो. आमच्यात संवत्सरीला, वर्षातून एकदा, सगळ्यांची क्षमा मागताना म्हणायचे हे शब्द. मी ते आठवड्यातून दोनदा तरी तिला म्हणतो. ती म्हणाली, संवत्सरीसाठी थोडं शिल्लक ठेवा, झिजून जाईल.

पुढच्या स्टेशनवर उतरून मागं फिरू, असं मी म्हटलं. समोरच्या उतारूनं सांगितलं की रंगूनकडे जाणारी सकाळची गाडी मधल्या स्टेशनांवर थांबत नाही आणि आपण पेगूला पोहोचायच्या आत तिथून सुटते, त्यानंतरची संध्याकाळी. ती रंगूनला पोहोचणार रात्री. म्हणजे फडताळ गाठेपर्यंत सूर्य मावळलेला. हिशेब उघड होता. ज्या बाईला वेळेवर जेवू घालायचं मी कबूल केलं होतं, तिला आता दुसऱ्या सकाळपर्यंत पाणीही मिळणार नव्हतं. मी जाहीर केलं की तिनं खाल्ल्याशिवाय मीही खाणार नाही. तिनं विचारलं की त्यानं तिच्या पोटात काय जाणार. पण मी शब्द दिला होता.

पेगूला उतरून घोडागाडी केली. ती आता इतकी मजेत होती की जणू उपास तिला नव्हे तर मलाच घडला होता. दुकानांत गल्ल्यावर बायका बसलेल्या आणि पुरुष पोरं खेळवताहेत, हे पाहून तिनं गाडीवानाला घोडा हळू हाकायला सांगितलं. एक म्हातारी बाई मनगटाएवढी चिरूट ओढत भाजी विकत होती. बायको म्हणाली, "हे शहर मला आवडलं. इथल्या राजांनी काहीतरी नीट केलं असणार."

मोठा पॅगोडा पाहिला. सोनेरी, घंटेसारखा, वर बघताना मान दुखावी इतका उंच. वहाणा बाहेर काढल्या, पट्ट्याची पिशवी गाडीवानापाशी ठेवली. मग जुन्या तटाकडे गेलो. तट म्हणजे आता झाडीत बुडालेला विटांचा लांबच लांब ढिगारा, आणि पलीकडे शेवाळलेला खंदक. मी मेहुण्यानं सांगितलेलं सगळं तिला सांगत होतो, राजे किती, वेढे किती. ती एका विटेवर हात ठेवून उभी राहिली.

"आपल्याकडे विहीर खणताना असल्याच विटा निघाल्या होत्या," ती म्हणाली. "हातभर लांब. तुम्ही त्या गोठ्याला लावल्यात."

मी म्हणालो की जुन्नरही पुरातन शहर आहे, सगळ्या बाजूंनी लेणी आहेत, हे मला मान्य आहे.

"मान्य आहे ना? मग त्या लेण्यांपाशी मला एकदा तरी घोडागाडीनं न्यायचं होतंत. इथं गोठा बघायला समुद्र ओलांडला."

ऊन चढलं. तिचे ओठ कोरडे पडले होते आणि बोलताना ती मधे थांबायला लागली होती. माझं डोकं ठणकत होतं. रस्त्याच्या कडेला शहाळी विकायला होती. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि ठरवल्यामुळे प्रत्येक शहाळं दिसलं. तिनं चालता चालता सांगितलं की तिनं अठ्ठाई केलेली आहे, आठ दिवस नुसत्या पाण्यावर, आणि तेव्हा ती धुणंही धूत होती. माझं काय? मला एकदा जेवायचं एकाशन असलं तरी ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा मी शहाळं प्यावं, कारण मी पडलो तर उचलायला इथं ती एकटीच आहे. मी प्यालो नाही.

निजलेल्या बुद्धाच्या मूर्तीपाशी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. एका लोखंडी छपराखाली तो कुशीवर पहुडलेला, एका हातावर डोकं, पावलं आमच्या घराएवढी. तोंडावर असं शांत हसू की मलाही क्षणभर बरं वाटलं. बायको त्याच्या पायांपासून डोक्यापर्यंत चालत गेली आणि खांबाला टेकून खाली बसली. बघायला बसले, असं म्हणाली. पण मघाशी पॅगोड्यापाशीही ती अशीच बसली होती, आणि आता तिनं डोळे मिटले होते.

तेव्हा मी माझा विचार मांडला. हा देवही वैरागी, आपलेही वैरागी. डोळे तसेच अर्धे मिटलेले, कानही लांब. याचंच दर्शन घेतलं असं धरलं तर काय बिघडेल?

"आपले बसतात किंवा उभे राहतात," ती डोळे न उघडता म्हणाली. "झोपलेला एकही नाही. असं निजणारं आपल्या घरात एकच माणूस आहे, दुपारी दुकानात. त्याचं दर्शन रोज होतं, पण नेमात धरत नाही."

मी हार मानली नाही. जुन्नरला मानमोडीच्या डोंगरात बुद्धाच्याच लेण्यात आपली अंबिका बसली आहे, पलीकडे लेण्याद्रीला गणपती बसला आहे, तिथं कुठं कुणी भेद केला?

"ती बसली मालक निघून गेल्यावर. इथले मालक घरी आहेत." मग ती उठली, त्या मूर्तीला साधा नमस्कार केला, पाहुण्यानं यजमानाला करावा तसा, आणि पुन्हा खांबाला टेकली. बसताना तिला खांब हातानं चाचपावा लागला.

ते पाहून मी तिला सावलीत ठेवलं आणि बाजाराकडे गेलो. या शहरात एखाद्या जैनाचं घर असेल आणि घरात देव असतील, एवढीच आशा होती. दिसेल त्या हिंदुस्थानी माणसाला विचारलं. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. शेवटी मेंदीनं दाढी रंगवलेला एक सुरती कापडवाला भेटला. त्याला जैन हा शब्द समजेना. मी समजावू लागलो, तर मधेच म्हणाला, "वो पानी छानके पीनेवाले?"

मी म्हणालो, तेच.

एक घर आहे, त्यानं सांगितलं. गिरणीतला मुनीम आणि त्याची आई. म्हातारी दर महिन्याला पाणी गाळायला मलमल घेऊन जाते आणि दर महिन्याला सांगते की मागची विरळ होती. मुनीम गावाला गेला आहे, पण म्हातारी घरीच असते. त्यानं दुकानातला माणूस बरोबर दिला. मी बायकोला गाडीत घातलं आणि आम्ही निघालो तेव्हा सूर्य ताडांच्या शेंड्यांना टेकायला आला होता.

घर लाकडी, खांबांवर उचललेलं. म्हातारी जिन्याच्या वर माठाला नवं फडकं बांधत होती. बायकोनं खालूनच, आईच्या तोंडून ऐकलेल्या मोडक्या मारवाडीत, देवघर आहे का म्हणून विचारलं. म्हातारीच्या हातातलं फडकं सुटलं. कोण, कुठले, काही न विचारता तिनं खाली येऊन बायकोचा हात धरला, वर नेलं, हातपाय धुवायला पाणी दिलं आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. कोनाड्यात पितळेचे लहानसे पार्श्वनाथ होते. बायको आत गेली.

मी ओसरीवर बसलो. इथून पश्चिम सरळ दिसत होती. अजून वेळ होता. नमस्कार करायचा, बाहेर यायचं, दोन घास आणि पाणी. एवढा सूर्य शिल्लक होता. म्हातारीची खिचडी चुलीवर तयारच होती, तिलाही मावळायच्या आधी जेवायचं होतं ना. मी मनातल्या मनात मेहुण्याला सांगून मोकळा झालो की शब्द पाळला.

मग आतून स्तवन ऐकू आलं. बायकोचा आवाज बारीक झाला होता, पण ती एकेक ओळ दोनदा म्हणत होती. पहिलं संपलं. दुसरं सुरू झालं.

म्हातारीनं माझ्यापुढं ताट ठेवलं. मी सांगितलं की बायकोनं खाल्ल्याशिवाय खाणार नाही, शब्द आहे. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शब्द कुणाला दिलास? तिला?"

"हो."

"तिनं मागितला होता?"

मी ताटाकडे पाहिलं.

"मग खा. सूर्य तुझ्या शब्दासाठी थांबायचा नाही. ती आत उभी आहे आणि तू इथं बसून डोलतो आहेस. तू पडलास तर मी म्हातारी आणि ती उपाशी, तुला जिन्यावरून कोण उतरवेल?"

मी एक घास खाल्ला, तिचा मान राखायला. खिचडीवर तूप होतं. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं हे नक्की, आणि ती दुसरी वाढ बायकोसाठी ठेवलेली असणार हे मला ताट पुसून झाल्यावर सुचलं. पाणी प्यालो, मान वर केली, तर ताडांमागं नुसता तांबूस उजेड होता. सूर्य गेला होता.

आतलं स्तवन तेव्हा संपलं. बायको दारात आली. तिनं आधी आकाशाकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग माझ्या मिशांकडे.

"जेवलात?"

"हो."

"पोटभर?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायला तूप पुसलेलं तरी असायला हवं होतं.

"बरं झालं. नाहीतर रात्रभर तुमचीच काळजी करत बसले असते."

ती माझ्या शेजारी बसली. मी विचारलं की सूर्य चालला आहे हे तिला ठाऊक नव्हतं का, दोन मिनिटांत आटपता आलं नसतं का. माझा आवाज चढला असावा, कारण म्हातारी आत निघून गेली.

"ठाऊक होतं," बायको म्हणाली. "बोटीवर बादली धरून दर्शन घेतलं. भावाकडे आल्यागेल्यांच्या गडबडीत घेतलं. आज निवांत मिळालं, तर तेही सूर्याकडे बघत बघत घेऊ? सकाळपासून तुम्ही माझ्या पोटाचाच विचार करताय. दोघांनी तोच करायचा म्हटल्यावर मग आपण इथं आलो कशाला?"

तिचा चेहरा उतरलेला होता, डोळ्यांखाली काळं होतं, आणि तरी ती जुन्नरहून निघाल्यापासून इतकी स्वस्थ मला दिसली नव्हती. मी क्षमा मागायला तोंड उघडलं. तिनं नुसता हात वर केला.

संध्याकाळच्या गाडीनं जाणं आता शक्य नव्हतं. म्हातारीनंच जाऊ दिलं नसतं. कापडवाल्याचा माणूस त्याच गाडीनं रंगूनला निघाला होता, त्याच्याबरोबर मेहुण्याला निरोप धाडला. निरोपात जेवणाचा उल्लेख मी टाळला. रात्री बायको अंथरुणाला पाठ टेकताच झोपली. खिचडी जड झाली ती मला.

सकाळी तिनं पार्श्वनाथांसमोर पुन्हा तेवढाच वेळ घेतला. मग ऊन ओसरीत नीट आल्यावर म्हातारीनं तिला पाटावर बसवलं. आधी कोमट पाणी, मग मुगाचं कढण, मग कडक भाजलेले पातळ खाखरे आणि तूप. मी पिशवी घेऊन जिन्यापाशी उभा होतो. मेहुणा वाट बघत असेल, सकाळची गाडी गाठायची होती, गाडीवान खालून दोनदा हाक मारून गेला होता. म्हातारीनं त्यालाही दोन खाखरे नेऊन दिले, मग त्याचीही घाई संपली. दोघी मारवाडीत बोलत होत्या, म्हणजे म्हातारी बोलत होती आणि बायको खात होती. मी एकदा खाकरलो.

"बसा," बायको म्हणाली. "काल तुमचं जेवण झालं. आज माझं होऊ द्या."

मी पिशवी खाली ठेवून बसलो. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा ती आणखी एका खाखऱ्यावर तूप घेत होती. आता संध्याकाळपर्यंत गाडी नव्हती, मेहुणा आणखी एक दिवस जिवाला घोर लावून घेणार होता. त्याचं मला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटेना, आणि याचंच मग थोडं वाईट वाटलं.